वावरातला तास

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या वेळी, गोठ्यात वाद घालू नये असा काही नेम आमच्या अल्लीपुरात नाही. असता तर 21 ऑगस्ट 2025ची संध्याकाळ निवांत गेली असती. पुतण्या पळसाच्या पानानं चांद्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होता आणि मी बाजेवर बसून त्याच्यासाठी उद्याची झडती लिहीत होतो. मी मराठीचा निवृत्त मास्तर. झडती मागायला तो दरवर्षी माझ्याकडे येतो आणि तोरणाखाली उभा राहिला की दरवर्षी ती बदलून म्हणतो.

झडती म्हणजे काय, हे घाटाखालच्या वाचकाला सांगावं लागेल. पोळ्याला आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात. तोरण तुटायच्या आधी ज्याच्या गळ्यात दम आहे तो पुढं होतो, यमक जुळवलेल्या दोन-चार ओळी ठासून म्हणतो, आणि सगळं मैदान ‘हर हर महादेव’ करून त्याला उचलून धरतं. झडतीत महादेव-पार्वती असतात, बैल असतो, सासू असते, तलाठी असतो. त्या वर्षीचं सरकार तर असतंच. विदर्भातल्या माणसाला कविता म्हणजे काय हे शाळेत जायच्या आधी कळतं ते इथं.

मी लिहिलेलं वाचून दाखवलं. मघा नक्षत्राचा पाऊस, हिरवं रान, बैलाचे काळेभोर डोळे. पुतण्याचा हात खांद्यावरच थांबला.

“काकाजी, हे कोणाचं वावर आहे?”

“आपलंच.”

“आपल्या वावरात हिरवं काय आहे ते सांगा बरं.”

“पऱ्हाटी आहे, तुरीची तासं आहेत, पलीकडं सोयाबीन.”

“मंग ते लिहा ना. हिरवं रान काऊन लिहिता? हिरवं रान तर नागपूरच्या मोटारीतून जाणाऱ्यालेही दिसते. पऱ्हाटीले पाती किती लागली, ते त्याले दिसत नाही.”

मी म्हटलं, झडतीत पाती मोजत नसतात. तो म्हणाला, “नसतील मोजत. पण तुमच्या कवितेत ज्वारी डोलते. मी लहान होतो तवापासून डोलत आहे. आपल्या धुऱ्यावर उभं राहून पाहा, ज्वारीचं एक तास तरी दिसते का?”

इथं मला गप्प बसावं लागलं. ‘तास’ हा शब्द मी हयातभर दोन अर्थांनी वापरला. शाळेत घंटा झाली की सुरू होणारा तो एक, आणि वावरात सरळ ओळीत उगवून येणारा तो दुसरा. पहिल्यात मी दुसऱ्याविषयीच्या कविता शिकवत राहिलो, आणि तेवढ्या काळात दुसरा बदलून गेला. ज्वारी गेली. तिच्याबरोबर गोफण गेली, माळा गेला, पाखरं हाकलणारी पोरं गेली, हुरडा गेला, कडब्याची गंजी गेली. आता हुरडा खायला लोक पैसे भरून पार्टीला जातात. त्यावर कविता होत असेल, पण ती मला नको.

पुतण्यानं मग खरा दणका दिला. “सोयाबीनवरची एक कविता म्हणून दाखवा.”

मी आठवू लागलो. बालकवींकडे नव्हतीच असणार, ते 1918 मध्ये गेले. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, तेव्हा हे पीक आपल्याकडं कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ 1967च्या. त्या रानात ज्वारी-बाजरी आहे. (त्याच वर्षी नागपूरकर ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ आल्या. एकाच वर्षी एका कवीनं रान दिलं, दुसऱ्यानं संध्याकाळ, आणि आम्ही मास्तर पुढची पन्नास वर्षं त्या दोन्हींवर जगलो.) मराठीत सोयाबीनवर एकही ओळ नाही असं मी म्हणणार नाही. पण कोणी झोपेतून उठवलं तर तोंडात येईल अशी एकही नाही. आमच्या शिवारात डोळ्यांना सगळ्यात जास्त दिसणाऱ्या पिकांपैकी हे एक, आणि त्याला ओळ नाही.

“त्यालाही कारण आहे,” मी सावरून म्हटलं. “कापसाला सीतादही आहे. पहिल्या वेच्याच्या आधी बाया वावरात दही-भात मांडतात, पूजा करतात, मग ओटी बांधतात. गव्हाला, ज्वारीला खळं होतं. पिकाभोवती रीत असली की गाणं आपोआप येतं. सोयाबीन शंभर दिवसांत येतं आणि जातं. पिढ्यान्‌पिढ्या हात लागल्याशिवाय शब्द मऊ होत नाहीत.”

“म्हणजे कवितेले वेळ पायजे, आणि सोयाबीनपाशी वेळ नाही.”

“तसंच समज.”

“आन्‌ सोंगणीले आलेली मशीन काय गाणं म्हणणार!”

त्यानं दुसऱ्या बैलाकडं, पवळ्याकडं, वळून पळसाचं नवं पान घेतलं. ही जोडी गवळाऊ. आपल्या वर्धा जिल्ह्याचा हा मूळचा वाण, पांढरा, उंच आणि पळायला चपळ. गावात आता जोड्या मोजक्या. माझ्या गोठ्यात तर मोटारसायकल उभी असते, म्हणून खांदशेकणीला मी पुतण्याकडं येतो.

मग तो पेरणीच्या तिफनीवर आला. आमच्या वऱ्हाडाकडच्या विठ्ठल वाघांच्या गाण्यानं तिफन मराठीच्या कानाकोपऱ्यात नेली. 1981च्या ‘अरे संसार संसार’ सिनेमामुळं ज्यांनी तिफन डोळ्यांनी पाहिली नाही तेही ती गुणगुणू लागले. पुतण्याला ते गाणं तोंडपाठ आहे, डवरताना तो ते म्हणतोही. पण त्याचं म्हणणं वेगळं होतं. “सरकी आता तिफनीनं पेरत नाही, टोबते. काऊन टोबते? एका पाकिटाले 901 रुपये लागते. तिफनीच्या नळीतून सांडलेलं बी परवडत नाही. बाया वाकून एकेक दाणा मोजून लावते. तुमची तालबद्ध पेरणी त्या 901 रुपयांनी बंद केली, काकाजी. अन्‌ तुम्ही कवितेत म्हणता, मातीशी नातं तुटलं.”

हे मात्र मला पटलं, आणि मी ते त्याला सांगितलंही. 2002 मध्ये बीटी कापूस आला तेव्हा आम्ही मास्तरांनी त्यावर वादविवाद स्पर्धा घेतल्या: शाप की वरदान. बियाण्याच्या किमतीनं पेरणीची लय बदलेल आणि लय बदलली की गाणं मोडेल, हे कोणाही पोराच्या भाषणात नव्हतं. मास्तरांच्याही डोक्यात नव्हतं. आता वेचणीला बाया येतात तेव्हा मजुरी किलोवर असते. हात थांबला की पैसे थांबतात. ओटीत मोबाईल ठेवून त्यावर गाणी लावतात. गाणं आहे, ते त्यांचं नाही एवढंच.

पुतण्याचा मुद्दा मात्र इथं संपत नव्हता. त्याला ऋतूची कविताच नको आहे. त्याला भावाची कविता पाहिजे. फेब्रुवारी 2023 मध्ये वर्ध्याला 96वं साहित्य संमेलन झालं तेव्हा आम्ही दोघं एकाच एसटीनं गेलो. मी न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकरांचं अध्यक्षीय भाषण ऐकायला मोठ्या मांडवात. तो त्याच गावात, त्याच दिवसांत भरलेल्या विद्रोही संमेलनात, चंद्रकांत वानखडे यांना ऐकायला. परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो आणि अल्लीपूर येईपर्यंत बोललो नाही. राग नव्हता, दोघांचीही पोटं भाषणांनी भरली होती.

“आपल्याच हिंगणघाट तालुक्यातल्या आर्वी छोटीचे गंगाधर मुटे,” तो म्हणाला. “त्यांनी 2015 साली शेतकऱ्यांचं वेगळं साहित्य संमेलन काढलं, तेही वर्ध्यातच. काऊन काढावं लागलं? मोठ्या मांडवात शेतकरी कवितेत येते, पण हिशेब घेऊन येत नाही. मृग आला की कवी ओला होते. मले मृगात कर्ज काढा लागते. कापूस वेचून झाला की तुमची कविता संपते, माझं खरं काम तवा चालू होते. हिंगणघाटच्या बाजारात गाड्यांची रांग, ओलावा मोजायचं यंत्र, आठ टक्के की बारा टक्के. बाराच्या वर गेला की हमीभाव नुसता कागदावर. त्या यंत्राच्या काट्यावर कोणी एक ओळ लिहिली का?”

“लिहिली असेल. पण टिकली नाही,” मी म्हटलं. आता माझी पाळी होती. “हे बघ बाबू, मी तुमच्या भावाच्या कविता खूप ऐकल्या. वाचनालयाच्या कार्यक्रमात दर वेळी चार तरी असतात. शेतकरी राजा, पोशिंदा, फास, हमीभाव. कवीचं गाव काढून टाक, बुलढाणा टाक नाहीतर बीड टाक, काही फरक पडत नाही. माझं हिरवं रान जसं कोणाचंही, तसा तुमचा फासही कोणाचाही. बारा टक्क्यांचं यंत्र तू आत्ता सांगितलंस ते मी त्या कवितांत कधी ऐकलं नाही. तुम्ही रागावता, पण पाहत नाही.”

तो गप्प झाला. मग हळू आवाजात म्हणाला, “दत्तपूर.”

एवढा एक शब्द आमच्या जिल्ह्यात पुरतो. 19 मार्च 1986. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पवनारजवळच्या दत्तपूरला बायको आणि चार लेकरांसह आयुष्य संपवलं. गाण्या-भजनाचा जाणता माणूस. आता दरवर्षी 19 मार्चला महाराष्ट्रभर कितीतरी जण दिवसभर अन्न घेत नाहीत. पुतण्याही घेत नाही. “त्या दिवसानंतर कोणी ऋतूवर कविता कशी लिहू शकते, हे मले समजत नाही,” तो म्हणाला.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि मी ते बनवलंही नाही. पण एक गोष्ट सांगितली. ‘शेतकऱ्याचा असूड’ जोतीरावांनी 1883 साली लिहिला. मराठीत शेतकऱ्यासाठी एवढं रागानं लिहिलेलं पुस्तक त्याआधी नव्हतं. आत कर आहेत, कर्ज आहे, पाटबंधारे आहेत, बैल आणि बियाणं आहे. आणि सुरुवात? चार-पाच छोट्या ओळींच्या पद्यानं. सगळा राग त्यांनी आधी पद्यात कसून बांधला आणि मग गद्याला मोकळं सोडलं. राग आणि कविता यांचं वैर नाही. राग आळशी झाला की कविता पडते.

“अन्‌ ऋतू आळशी झाला की?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, तेव्हाही.

“तुमच्यासारखी?”

मग त्यानं ते काढलं. मास्तरकीत असताना मी कवितांची एक पातळ पुस्तिका छापून घेतली होती. घरोघरी वाटली, अजून कपाटात गठ्ठा आहे. त्यात मृगाच्या पहिल्या सरीवर एक कविता आहे. खाली तारीख: 14 जून 2014. “त्या वर्षी मृग कोरडा गेला, काकाजी. थेंब नाही. माझ्या बापानं दोनदा पेरलं. तुमची सर कोठं पडली?”

ती सर कुठंच पडली नव्हती. जूनचा दुसरा आठवडा, खिडकीत बसायचो, हात आपोआप लिहायचा. पंचांगात मृग होता म्हणून कवितेत पाऊस आला. अकरा वर्षं ती कविता मी कार्यक्रमांत म्हणत होतो आणि समोर बसलेल्या, त्या साली दुबार पेरणी केलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या भागातली माणसं मोठी सभ्य आहेत.

तेव्हा मला बहिणाबाई वेगळ्या दिसल्या. वर्गात मी त्यांना निसर्गकन्या म्हणून शिकवलं, पाठ्यपुस्तकात तसंच होतं. पण ‘बहिणाबाईची गाणी’ची अनुक्रमणिका डोळ्यासमोर आणा: पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, मोट हाकलतो एक. ही ऋतूंची नावं नाहीत. ही कामांची नावं आहेत. असोद्याच्या त्या बाईनं आकाशाकडं पाहून गाणं म्हटलं नाही. हातात जे काम होतं त्याचं म्हटलं, आणि त्या कामात आभाळ आपोआप आलं. लिहिता येत नव्हतं म्हणून सवयीच्या शब्दांनी लिहायची सोयही तिला नव्हती. महानोरही पळसखेड्याला स्वतः शेती करणारे. रानावर कविता लिहिणारा हा माणूस विधान परिषदेत जाऊन पाण्यावर आणि फळबागांवर बोलत होता. मग माझ्यासारख्या खिडकीतल्या कवींनी त्यांच्याकडून नेमकं हिरवंच तेवढं का उचललं?

लोणी संपलं होतं. पुतण्यानं हात पुसले, बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं आणि माझ्या शेजारी बाजेवर बसला. मोबाईल काढून बातमी दाखवली. 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ, 30 सप्टेंबरपर्यंत. अमेरिकेनं आपल्या कापडावर जबर कर लावला म्हणून गिरण्यांना दिलासा.

“हे झडतीत पायजे.”

“तारीख घालू नको,” मी म्हटलं. “तारीख घातली की कविता शिळी होते. आणि 30 सप्टेंबरपर्यंतच आहे ना? आपला कापूस दसऱ्यानंतर निघतो.”

“जहाज दसऱ्याची वाट नाही पाहत. गिरण्यांची गोदामं आधीच भरून ठेवली तर आपल्याले 8,110 कोण देणार?”

8,110 रुपये क्विंटल म्हणजे 2025-26च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव. मला हसू आलं, कारण अमेरिका आमच्या शिवारात पहिल्यांदा आलेली नव्हती. ‘हिंगणघाट’ हे एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका वाणाचं नाव होतं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्याला सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये तिथली बंदूक थांबली आणि इथला भाव कोसळला. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मंग हा ऋतूच आहे ना, काकाजी? दर काही वर्षांनी येणारा. याले नक्षत्र काऊन नाही?”

मी कागद पुढं ओढला. अट घातली: तारीख तुझी, पण सोयाबीनची एक ओळ मला दे, डोळ्यांनी पाहिलेली. कानांनी ऐकलेली चालेल का, असं त्यानं विचारलं. डुकरं आणि रोही हाकलायला तो रात्री जागलीला जातो. सोंगणीला आलेलं सोयाबीन, पानं गळून गेलेली, वाऱ्यानं शेंगा हलल्या की आत दाणे वाजतात. सगळं वावर खुळखुळतं. “बैल कुठं उठून चालले की काय असं वाटते. पण झोप उडते ती त्याच्यानं नाही. वाजलं म्हणजे उद्या सोंगलंच पायजे, नाही तर शेंगा फुटून दाणा मातीत. अन्‌ गडी तर मिळत नाही.”

इतकी वर्षं हा आवाज तो ऐकत होता आणि त्याला तो कवितेचा वाटला नव्हता, कारण त्याच्या लेखी कविता म्हणजे भाव. मला तो कधी ऐकूच आला नव्हता, कारण माझ्या लेखी कविता म्हणजे श्रावण. चार ओळी झाल्या त्या अशा:

सोयाबीन वाजे जसे चांद्याचे घुंगरू,
सोंगाले गडी नाही, सांगा काय करू?
तीस सप्टेंबरलोक म्हणे फाटक उघडं ठेवा,
बोंड आमचं फुटन तवा भाव कोठं देवा?

वाङ्‌मय म्हणून मी याला दहापैकी पाच दिले असते. पुतण्या म्हणाला, झडती एका दिवसासाठीच असते, शिळी होईल याची काळजी मास्तरांनी करू नये. मग मास्तरला विचारतोसच कशाला? “यमकासाठी.”

दुसऱ्या दिवशी पोळा भरला. एकानं ट्रॅक्टरला बेगड लावून बैलांच्या रांगेत उभा केला होता, त्यावर थोडी कुरबूर झाली. पुतण्या तोरणाखाली पुढं झाला. पहिल्या दोन ओळींना पुरुष हसले. जागलीला जाणारे जास्त. तिसऱ्या-चौथ्या ओळीला ‘हर हर महादेव’ एवढ्या जोरात झालं की पवळ्या बिचकला. आश्चर्य म्हणजे या वेळी त्यानं एकही शब्द बदलला नव्हता. संध्याकाळी तो जोडी घेऊन घरोघरी फिरला, आमच्या दारात आला, मी बैलांची पूजा करून बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, दिला. शनिवारी तान्हा पोळा. त्याच्या सात वर्षांच्या पोरानं लाकडी नंदी ओढत तीच झडती म्हटली, ‘सप्टेंबर’ला अडखळला आणि पुढं गेला.

पोळ्यानंतर सहाव्या दिवशी, 28 ऑगस्टला, शुल्कमाफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवल्याची बातमी आली. म्हणजे दसरा, दिवाळी, पहिला वेचा, दुसरा वेचा, सगळं त्यात आलं. रात्री पुतण्याचा मेसेज होता: “काकाजी, तीसच्या जागी एकतीस डिसेंबर करा. मात्रा वाढते, पण सांभाळून घ्या.”